बाहेरची माया

शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. अंग सुटलं, पोर वाढली, की टीप उसवायची आणि ती माया बाहेर काढायची. कपडा परत अंगाला येतो. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण आमच्या सुनेच्या भागीदारणीला ते माहीत नव्हतं, आणि त्यावरून घरात जो हशा झाला तो अजून ओसरलेला नाही.

झालं असं, की अगदी सुरुवातीच्या दिवसांत सुनेने घरच्याच एका पोलक्याच्या कापडावर खडूने लिहिलं होतं, ‘माया चार बोटं’. भागीदारीण ते वाचून माझ्याकडे आली. डोळ्यांवर चेहऱ्याएवढा चष्मा, म्हणून मी तिला चष्मेवालीच म्हणते. कपड्यांची चित्रं काढायचं मोठं शिक्षण झालंय तिचं.

“काकू, ही माया कोण? आणि तिची चारच बोटं कशी?”

“अपघात झाला बिचारीला,” मी म्हटलं.

“अगं बाई!” पोरगी खरोखर कळवळली. “मग बटणं कशी लावणार ती? आपण तिला बंद लावून देऊ या.”

सून टेबलाखाली जाऊन हसत बसली. मी मात्र चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. पण त्या दिवसापासून चष्मेवाली मला आवडायला लागली. ज्या बाईला पाहिलंही नाही तिच्या बटणांची काळजी करणारी पोरगी वाईट असू शकत नाही.

या दोघींचा कारखाना म्हणजे आमची पुढची खोली. माझं जुनं शिलाई मशीन, त्यांचं एक नवं, मधे कापायचं टेबल, आणि भिंतीला टेकून उभे तागे. कापडाच्या गिरणीत रंग चुकला की तो माल कुणी घेत नाही, कोपऱ्यात पडून कुजतो. तो या दोघी उचलून आणतात. यंदा निळा चुकला होता. धड आकाशी नाही, धड जांभळा नाही, पाटी पुसून पुसून तिचा होतो ना, तसला. मी म्हटलं, “हा रंग कुणाच्या मयताला तरी घालतील का?” तर चष्मेवाली म्हणे, “काकू, हाच चालणार, कारण हा दुसऱ्या कुणाकडेच नाही.”

सून आधी एका मोठ्या कंपनीत होती. तिथे ती कपड्यांचे नमुने काढायची. मोसम संपला की न खपलेला माल तिथे कात्रीने फाडून टाकत, फुकट कुणी घालायला नको म्हणून. कोरे करकरीत कपडे! एकदा तिने स्वतः काढलेला झगा असा फाडताना पाहिला आणि राजीनामा देऊन घरी आली. मी चांगलं तोंडसुख घेतलं तिच्यावर. पण मनातून मला बरं वाटलं होतं. त्या कंपनीतून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा घरात एक माणूस आल्यासारखं वाटायचंच नाही, उलट एक कमी झाल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला या दोघी कापड असं कापत, की जमिनीवर एक चिंधी पडू नये. बाहीच्या पोटातून कॉलर निघायची, कॉलरच्या कुशीतून खिसा. लोकांनी फार कौतुक केलं. मग एक दिवस सून जुन्या कपड्यांच्या वखारीत गेली होती, तिथल्या ढिगात तिला स्वतःच शिवलेला झगा दिसला. तो विकत घेणाऱ्या बाईचा फोन नंबर सुनेच्या वहीत होता, तिने फोन लावला.

ती बाई म्हणाली, “अहो, बाळंतपणानंतर कमरेत मावेना. शिंप्याकडे नेला, तर तो म्हणाला, आत बोटभर कापड नाही, कशातून वाढवू? मग काय करणार, टाकला.”

त्या रात्री सून जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, की इथून पुढे प्रत्येक कपड्याला दोन्ही बाजूंनी चार बोटं माया.

चष्मेवालीने डोक्याला हात लावला. “अगं, प्रदर्शनात सगळे जण कमीत कमी कापड वापरून येणार, आणि आपण आत कापड कोंबून जायचं? परीक्षक हसतील.”

“हसू देत.”

“तुझं काय जातंय हसू देत म्हणायला!”

“माझं काय जातंय ते तुला माहितीये,” सून म्हणाली.

ते मलाही माहीत होतं. या दोघींसारखे स्वतःच्या हिमतीवर पर्यावरणाला जपून कपडे करणारे जितके म्हणून होते, ते सगळे त्या प्रदर्शनात येणार होते. त्यांतल्या एकाला मोठ्या रस्त्यावरचं एक दालन वर्षभर वापरायला मिळणार होतं. पुढच्या खोलीत बसून धंदा किती दिवस चालणार? येणारं गिऱ्हाईक आमच्या वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून येतं. कंपनीच्या साहेबाचे फोन सुरूच होते, आणि सुनेने त्याला शब्द दिला होता, “प्रदर्शन होऊ द्या. नाही जमलं तर येते परत.” आमच्या चिरंजीवांना विचारलं, तुझं काय म्हणणं? नवरा म्हणून तो चांगला आहे, पण मत मागितलं की पंखा पुसायला घेतो.

झगे शिवून झाले. कडा दोरे सोडू नयेत म्हणून त्यांना ओव्हरलॉक मारायचं बाकी होतं, आणि ते मशीन आहे माझ्या धाकट्या जावेकडे, पलीकडच्या गल्लीत. धाकटी म्हणजे स्वच्छतेचा आजार. तिच्या घरात चादरीला सुरकुती पडायची परवानगी नाही. मीच गाठोडं नेऊन दिलं आणि सांगितलं, “कडा तेवढ्या साफ करून दे.”

माझे शब्द हे असे होते. साफ कर. साफ काप, असं मी म्हटलं नव्हतं, आणि हे मी कुणापुढेही सांगेन.

प्रदर्शनाला दोन दिवस होते. सकाळीच धाकटी गाठोडं घेऊन आली, चेहऱ्यावर शाबासकी घ्यायला आल्याचा भाव. सुनेने वरचा झगा उचलला, उलटा केला आणि बघतच राहिली. मग दुसरा. मग तिसरा.

“केवढं कापड आत ठेवलं होतंत गं!” धाकटी कौतुकाने म्हणाली. “म्हटलं, नव्या पोरी, कापायचं विसरल्या असतील. सगळं कात्रीने छान कापलं आणि वरून ओव्हरलॉक मारलं. बघा, आत-बाहेर सारखंच देखणं!”

मग मी बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. धाकटीच्या माहेरापासून सुरुवात केली होती एवढंच सांगते.

“ताई, पण तुम्हीच म्हणालात ना, साफ कर…”

“मी घर साफ कर म्हटलं तर भिंती पाडशील का गं?”

“आई, पुरे,” सून म्हणाली. तिने झगा टेबलावर ठेवला, भिंतीला टेकून खाली बसली आणि फोन हातात घेतला. कुणाला लावणार ते मला कळलं. नवे शिवायचे म्हटलं तरी कापड कुठे होतं? त्या चुकलेल्या निळ्याचे तागे संपले होते, आणि गिरणी काही आमच्यासाठी पुन्हा रंग चुकवणार नव्हती.

चष्मेवाली म्हणाली, “असेच नेले तर? तसेही हलके झालेत. परीक्षकांना उलट आवडतील.”

“नेऊ की. आणि वर्षभराने वखारीतल्या ढिगातून परत आणू.”

मला वाटलं, आता चष्मेवाली म्हणणार, बघ, मी आधीच सांगत होते. ती एरवी सोडत नाही. पण तिने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि धाकटीला विचारलं, “काकू, कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत?”

“आहेत की. मी काही टाकत नाही. पायपुसणं विणायला घेतलंय.”

“विणायला घेतलंय!” मी ओरडले.

चष्मेवाली चपला न घालताच धावली. परत आली तेव्हा एका हातात पट्ट्यांची पिशवी, आणि दुसऱ्या हातात लोंबतं, अर्धं झालेलं, अतिशय नीटस पायपुसणं. तिने ते जमिनीवर टाकलं आणि सोडवायला लागली. धाकटीही नाक ओढत तिच्या शेजारी बसली. स्वतःच्या हाताने घातलेली वीण सोडवताना तिला किती लागत असेल ते दिसत होतं, पण मी काही दया दाखवली नाही.

चष्मेवालीने एक झगा घेतला, बाजूची शिलाई उसवली आणि पुढच्या-मागच्या भागांच्या मधे दोन पट्ट्या जोडून ठेवल्या. मग त्यांच्या चुण्या केल्या, पंख्यासारख्या, आणि वरून टाचण्या लावल्या. झगा पुन्हा होता तेवढाच झाला. बाजूला मात्र चुण्यांची एक उभी पट्टी दिसायला लागली.

“आत राहिली नाही, तर बाहेर लावू,” ती म्हणाली. “चुण्या धावदोऱ्याने धरायच्या. जाड दोरा, शेवटची गाठ बाहेर लोंबती. अंग वाढलं की बाईने तो दोरा ओढायचा. शिंपी नको, उसवणं नको, कुणाला सांगायलाही नको.”

सुनेने फोन खाली ठेवला. गुडघ्यांवर रांगत झग्यापाशी आली. चुण्या उलगडून पाहिल्या, पुन्हा घातल्या. “पट्टीची उलटी बाजू वर घे,” ती म्हणाली. “उलट्या बाजूला रंग गडद आहे. लपवायचं नाहीच म्हटल्यावर नीट दिसू दे.”

मी म्हटलं, “माया अशी चारचौघांत लोंबकळत ठेवतात का? ती आत शोभते.”

“आई, तुम्ही सगळंच आत ठेवता,” सून बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मी सुईत जाड दोरा ओवला आणि तिच्यापुढे केला.

मग जे काम सुरू झालं, त्याला तोड नाही. चष्मेवाली उसवत होती, सून जोडत होती, मी धावदोरा घालत होते. विणलेल्या पट्ट्यांना घड्या पडलेल्या, म्हणून चिरंजीवांना इस्त्रीपाशी उभं केलं. तो मत न देता इस्त्री फार चांगली करतो. धाकटीला मी कात्रीला हात लावू दिला नाही. ती दोरे वळत बसली, आणि वळले मात्र तिने असे, की एकही दुसऱ्यापेक्षा जाड-बारीक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा झगा खुंटीवर लागला तेव्हा आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. मान्य करायला मला जड गेलं, पण ती गडद उभी पट्टी त्या पाटीच्या रंगावर अशी खुलत होती, की मुद्दाम तशीच ठरवून केल्यासारखी वाटावी.

प्रदर्शनाचा हॉल प्रचंड. एकाने मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचे कोट केलेले, एकीने कागदाच्या लगद्याचा घागरा. तो घालून उभ्या असलेल्या पोरीला बसायची बंदी होती. परीक्षक म्हणून केस अगदी बारीक कापलेल्या एक बाई होत्या, आणि गळ्यात मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ. हॉलमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या, पण मफलर काही सुटत नव्हता.

ते आमच्यापाशी आले. बाईंनी लोंबता दोरा बोटात धरला. “हे काय? शिवायचं राहिलंय?”

सून सांगायला लागली. ढिगातल्या झग्याचंही सांगितलं तिने. बाई ऐकत होत्या. मफलरवाले म्हणाले, “गोष्ट छान आहे. पण गोष्टी इथे सगळ्यांकडेच आहेत. तुमच्या या मुलीच्या अंगावर तो झगा जसाच्या तसा बसलाय. तो मोठा होतो हे दाखवा ना.”

झगा घालून दाखवायला उभी केलेली पोरगी काडीसारखी. सुनेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्या सगळ्या हॉलमध्ये पोटभर जेवणारं एक माणूस दिसेल तर शपथ. मी स्वतः अंगाने सुतळी. सुनेचा चेहरा उतरायला लागला.

तेवढ्यात खांबामागून मला एक ओळखीची पर्स दिसली. धाकटी. मी तिला येऊ नकोस म्हणून बजावलं होतं, तरी येऊन लपून उभी होती.

“धाकटे! इकडे ये!” माझा आवाज कागदाच्या घागऱ्यापर्यंत गेला असेल.

“नको ताई, मी काहीतरी बिघडवीन.”

“बिघडवायचं तेवढं बिघडवून झालंय तुझं. आता झगा घाल.”

मी तिची पर्स धरली आणि तिला पडद्यामागे ढकललं. आत बराच वेळ झटापट चालली होती. बाहेर आली तेव्हा झगा अंगात गेला होता खरा, पण धाकटी लाल झाली होती आणि हात खाली येत नव्हते. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून बघितलं. पुन्हा कोणी हसलं नाही.

“ताई, श्वास…” ती कशीबशी बोलली.

सून दोऱ्याकडे हात नेणार, तर चष्मेवालीने तिला अडवलं. “काकू, तुम्हीच ओढा. तुमचाच झगा आहे.”

धाकटीने चाचपडत गाठ पकडली आणि ओढली. चुण्या वरून खाली एकेक करत सुटत गेल्या, सरसर, वेणी सुटावी तशा. मग दुसऱ्या बाजूचा दोरा. गडद पट्टी उलगडून रुंद झाली, झगा तिच्या अंगावरून सैल खाली आला, आणि धाकटीने असा काही श्वास सोडला की मफलरवाले एक पाऊल मागे सरले. तिने हात खाली घेतले. मग वर केले. मग काय वाटलं कोण जाणे, एक गिरकी घेतली.

टाळ्या आधी मागून आल्या, त्या जाळ्यांचे कोट करणाऱ्याकडून. मग सगळ्या हॉलमधून.

बारीक केसांच्या बाईंनी धाकटीभोवती एक फेरी मारली. “आणि पुन्हा बारीक झालात तर?”

“त्याची तुम्ही काळजी करू नका,” धाकटी म्हणाली.

हसणं थांबल्यावर सून म्हणाली, “पुन्हा धावदोरा घालायचा. कापड जिवंत आहे तोवर कितीही वेळा.”

मफलरवाले अजून हटेनात. “पण कापड जास्त लागलं. इतरांनी कमी वापरलंय.”

मी तोंड उघडणार होते. पण चष्मेवालीच पुढे झाली, जी या मायेवरून आमच्याशी रोज भांडत होती ती. “एका झग्याला जास्त लागलं, बरोबर. पण त्या बाईला मग दुसरा घ्यावा लागला नाही, तिसरा घ्यावा लागला नाही. आता सांगा, कुणाचं कापड कमी?”

बाई हसल्या. मफलरवाल्यांनी शेवटी मफलर सैल केला.

संध्याकाळी नाव पुकारलं ते आमचं. दोघींचं एकत्र. चष्मेवालीचा चष्मा कुठे पडला ते कळलं नाही. सून तिला हाताला धरून मंचावर घेऊन गेली. बाईंनी नंतर मला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?”

“मी सासू. काम सगळं या दोघींचं. आरडाओरडा माझा.”

सुनेने तिथेच, मंचाच्या पायरीवर बसून साहेबाला फोन लावला. मी शेजारीच होते, पलीकडचं ऐकू येत होतं.

“साहेब, मी येत नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.”

साहेबाने अभिनंदन केलं, मग घसा साफ केला. “ते दोऱ्याचं… बातमी कळली आम्हाला. आपल्या कंपनीच्या मालात करता येईल का तसं काही?”

“येईल की,” सून म्हणाली. “पण त्यासाठी माल बाईचं अंग वाढेपर्यंत टिकायला हवा, साहेब.”

आणि फोन ठेवला. आवाज चढवला नाही, शब्द वाकडा गेला नाही. इतकी वर्षं माझ्या हाताखाली राहून पोरगी हे शिकली कुठे, कळेना. मला तर असं कधीच जमलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने वळून पाहिलं, तर मी म्हटलं, “पाठीवर दोरा चिकटला होता.”

निघताना वेगळंच नाटक. धाकटी झगा काढायला तयार होईना.

“अगं, दालनात लावायचा पहिला झगा आहे तो. काढ.”

“मी नाही काढायची. माझ्या मापाचा झालाय तो आता.”

“पडद्यामागे चल गुपचूप.”

“राहू द्या, आई,” सून म्हणाली. “त्यांनाच शोभतोय.”

मोठ्या रस्त्याने आम्ही निघालो. धाकटी सगळ्यांच्या पुढे, पाय असे टाकत होती जणू रस्ता तिच्यासाठी झाडून ठेवलाय, आणि तिची पर्स अजून माझ्याच हातात. सिग्नलला एक अनोळखी बाई तिच्याजवळ थांबली, अंगाने तिच्याएवढीच. पट्टीला हात लावून पाहिला, दोरा न्याहाळला आणि विचारलं, “किती छान आहे हो! कुठे घेतलात?”

धाकटीने मान वर केली. “आमच्याकडेच करतात.”

आमच्याकडे! मी पुढे सरसावले. चष्मेवालीने डोळे मिटून घेतले, सुनेने माझा हात दाबला. पण मी फक्त दालनाचा पत्ता सांगितला, गल्ली, कोपरा, समोरचं औषधाचं दुकान, सगळं. कारण धाकटीला तो धड सांगता आला नसता.